जीपची कटकट

आमच्या घरात ‘कटकट’ हा शब्द दोनच गोष्टींना लागू पडे. एक माझे उपदेश आणि दुसरे सौभाग्यवतींचे शिवणयंत्र. गेल्या पौषात तिसरीची भर पडली.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. तेथला गुरांचा बाजार मुलांना दाखवावा म्हणून एका स्नेह्यांची जुनी जीप मागून आणली. जीपगाड्यांची जुळणी मुंबईत सुरू झाली; आमची ही त्या घराण्यातली उतारवयाची. दर्शन झाले, मुलांनी खोंडांच्या शिंगांना हात लावून पाहिला, हिने एक घोंगडी घेतली. परतताना गाडी खाचरातल्या भुसभुशीत मातीत रुतली, तेव्हा मी ऐटीत चारही चाके जोडणारा छोटा दांडा ओढला. गाडी बाहेर आली. दांडा मात्र तसाच राहिला.

डांबरी रस्त्याच्या पहिल्याच वळणावर टक्‌-टक्‌-टक्‌!

“टायरात खडा अडकला असेल,” मी म्हणालो.

“अहो, खडा असता तर सरळ रस्त्यावरही वाजला असता. हे वळताना वाजतंय. तेसुद्धा डावीकडे वळताना जास्त.”

मी अर्थातच लक्ष दिले नाही.

मुरबाडला एक वयस्क मेस्त्री भेटले. मी बॉनेट उघडू लागलो, तर त्यांनी हात धरला. “साहेब, आवाज कुठून येतो ते सांगू नका. लोखंडातून तो कुठंही फिरतो. कधी येतो ते सांगा.”

मी घुटमळलो. उत्तर हिने दिले.

तरीही मेस्त्रींनी आधी टायरांच्या खाचा पाहिल्या आणि चाकांच्या नटांना पाना लावला. सैल नटही असाच वाजतो, आणि ते घरी पोचेपर्यंत थांबेलच असे नाही. मग गाडी पुढे-मागे केली. दर वेळी दिशा बदलताना एकच ‘टक्‌’ आले, तर संशय लांब शाफ्टाच्या क्रॉसवर. शिवाय असल्या जुन्या जीपमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टाचे सुमारे पाच फेरे होतात, म्हणून तेथला आवाज फार भरभर येतो. आमचा तसा नव्हता. शेवटी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पुरते वळवून सावकाश रिंगणे घेतली. चार चाके जोडून, मग सोडून. सोडताच आवाज जवळजवळ मेला.

दोष पुढच्या उजव्या चाकामागच्या सांध्यात होता. पुढच्या चाकाने वळायचेही आणि ओढायचेही, म्हणून तेथे वाकणारा सांधा लागतो. आतले ग्रीस गळून गेले होते आणि धूळ शिरली होती. सांधा झिजून उड्या मारीत होता. त्यात माझ्या दांड्याने तेल ओतले. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण दांडा ओढला की दोन्ही शाफ्टांना सारखेच फिरावे लागते. मातीत चाक घसरून हिशेब जुळवते. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही. सारा ताण सांध्यावर.

“आणि तसंच चालवलं असतं तर?” हिने विचारले.

“वहिनी, सांध्याचे तुकडे झाले आणि आतच अडकले, तर स्टिअरिंग वळायचं नाही.” मागे मुले घोंगडीत झोपली होती. मी काही बोललो नाही.

याच आवाजासाठी स्नेह्यांना शहरातल्या एका गॅरेजने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितले होते, हे पुढे कळले. तेथे कोणी त्यांना ‘कधी’ हे विचारलेच नव्हते.

मेस्त्रींनी पुढच्या दोन्ही चाकांना ॲक्सलशी जोडणाऱ्या चकत्या काढल्या, भोकांवर फडके बांधले आणि दोनच चाकांच्या ताकदीवर सावकाश कल्याण गाठायला सांगितले. सांधा पुढच्या आठवड्यात बदलला.

पैसे मी दिले. पावती मात्र मेस्त्रींनी हिच्या नावाने फाडली.