पहिली लढाई कुणाशी?

दरवर्षी आठ ऑक्टोबर आला की वायुदलाच्या शौर्यावर लेखांचा पाऊस पडतो. पडावाच! पण बहुतेक लेख १९३२ ची स्थापना एका ओळीत उरकतात आणि थेट ऑक्टोबर १९४७ मध्ये डाकोटातून श्रीनगरला उतरतात. मधली पंधरा वर्षे कुठे गेली हो?

दुसऱ्या टोकाला आमचे काही मित्र. त्यांचे म्हणणे, स्वातंत्र्याआधीचे ते सगळे गोऱ्यांचे चाकर, त्यांचा कसला इतिहास?

मला दोघांशीही भांडायचे आहे.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. चार वापिटी विमाने, क्रॅनवेलला शिकून आलेले मूठभर तरुण अधिकारी आणि 'हवाई सिपाही'. वापिटी म्हणजे उघड्या बैठकीचे, दुपंखी विमान. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे उरलेले भाग खपावेत अशा बेताने बनवलेले! ही स्क्वाड्रन पहिल्यांदा लढली १९३७ मध्ये, वझिरीस्तानात, मिरानशाहच्या तळावरून. समोर इंग्रजांविरुद्ध उठलेले टोळीवाले. इपीच्या फकिराचे बंड तेव्हा भरात होते. त्या मुलखात इंग्रजांची रीत ठरलेली: आधी पत्रके टाकून गाव सोडायला सांगायचे, मग गावावर बॉम्ब. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बफेक बंद करण्याची चर्चा निघाली, तेव्हा दूरच्या मुलखात 'पोलिसी कामासाठी' ती चालू राहावी, असा हट्ट याच इंग्रजांनी धरला होता. आपल्या वायुदलाची पहिली लढाई या कामातली. बोचते म्हणून पानच फाडायचे?

आता चाकर म्हणणाऱ्यांना विचारतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टोंगूला पोचली आणि लगेच जपान्यांनी तो तळ झोडपला. हाताशी लायसँडर विमाने, मुळात टेहळणीची. के. के. मजुमदारांनी त्यालाच बॉम्ब लावले आणि सयामातल्या माए हाँग सॉनच्या जपानी तळावर स्वतः जाऊन टाकून आले. दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन गेली. हिंदी माणसाला विमान झेपेल का, अशी शंका घेणाऱ्या साहेबांना याहून चोख उत्तर कुठले? वझिरीस्तान पाहिलेले सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये वायुदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. ते काय आकाशातून पडले? (त्यांच्याच तुकडीतले आवान फाळणीनंतर पाकिस्तानच्या वायुदलात गेले, म्हणजे हा वारसा त्यांचाही.)

गंमत पाहा, १९४७ साली काश्मिरात घुसलेल्यांत वझीर आणि मेहसूद होतेच. दहा वर्षांत तीच माणसे पुन्हा समोर, पण या वेळी लढाई आपली होती. हा फरक मुलांना कसा कळणार, जर १९३७ सांगितलेच नाही?

मी आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवला. आठवीतले पोर हे ऐकून पहिला प्रश्न करील, "सर, मग तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो?" पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या विद्वानांनी या प्रश्नाला उत्तर द्यावे. मी वाट पाहतो आहे.