मुरे मासा आणि त्याचे आडनाव

जीवशास्त्राच्या तासाला वर्गीकरण आले की मुले कंटाळतात. कुल, प्रजाती, जाती हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात. आमच्या मते दोष विषयाचा नाही. उदाहरणे फार लांबची दिली जातात.

कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत मुरे नावाचा बोटभर मासा मिळतो. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या, वावर तळाशी. दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल साईक्स यांनी १८३९ साली इथलेच नाव उचलून त्याला ‘कोबायटिस मूरेह’ म्हटले. पुढे अभ्यासकांनी डोळ्याखाली काटा असलेले आणि नसलेले मासे वेगळ्या कुलांत घातले. मुरेला काटा नाही. त्यामुळे तो कोबायटिसमधून निघाला आणि नेमाकायलस, अकँथोकोबायटिस असे करत आज पॅराकँथोकोबायटिस या प्रजातीत आहे. इतकी बिऱ्हाडे बदलली, पण ‘मूरेह’ टिकले, कारण प्रजाती बदलली तरी जातीचे मूळ नाव सहसा तेच राहते. आडनाव बदलते, नाव नाही. (आपल्याकडे लग्नात मुलीचे दोन्ही बदलत असत, मासे सुदैवी!)

हा नुसता पुस्तकी खटाटोप नव्हे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी मुरेच्याच कुलातला एक मासा सापडला आणि २०२० साली त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बेनाव मासा असता तर हे झाले असते का? तीच नदी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते आणि घटप्रभेला मिळते. आपल्या बाजूच्या पाण्यात काय काय आहे, हे आपल्या किती मुलांना सांगता येईल?

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची सूचना आहे की शाळेत माशांची एक नोंदवही सुरू करावी. मराठी नाव, कानडी नाव, कुठे पाहिला, कोणी सांगितले, एवढेच रकाने पुरेत. शास्त्रीय नाव शिक्षकांनी मागाहून भरावे. ज्या पालकांच्या घरी मासेमारी चालते, त्यांना आधी बोलवावे. या विषयात गुरुजी तेच. खर्च शंभर पानी वहीचा. मासे पकडण्याची गरज नाही, आणि आंबोलीच्या कुंडात तर कोणी हातही घालू नये. नोंदीसाठी आठवडी बाजार पुरेसा आहे, फक्त सकाळी लवकर जावे लागेल.