दारापुढचा ओटा

कुंभकोणमच्या सारंगपाणी संनिधी रस्त्यावर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे घर आहे. २००३ पासून तिथे स्मारक आहे. घर लहानसेच, कौलारू; पण रस्त्याकडचा ओटा पाहण्यासारखा. तमिळमध्ये त्याला ‘तिण्णै’ म्हणतात; आपल्या ओसरीची ही सख्खी बहीणच! तरुणपणी रामानुजन याच ओट्यावर पाटी घेऊन गणिते सोडवीत बसत. रस्त्यावरची वर्दळ त्यांना आड येत नसे.

वाटसरूनेही घटकाभर टेकावे, यासाठी तिण्णै असे. आता मात्र चोरांच्या भीतीने पुष्कळ घरी ओट्याला ग्रिल लागते, मग आत स्कूटर येते आणि आजोबांची बसायची जागा जाते. ग्रिल लावायचीच, तर ओट्यामागे दाराशी लावावी. ओटा मोकळाच राहू द्यावा. उंची दीड फूट पुरे. रुंदी मात्र अडीच फूट हवी, म्हणजे दुपारी आडवेही होता येते. छपराची वळचण ओट्याच्या पुढे यावी, नाहीतर पहिल्याच पावसात बैठक उठते. कुंड्या खाली, पायरीशी ठेवाव्यात. हौसेने त्या ओट्यावर मांडल्या, की माणसे उभीच! कोपऱ्यात पाण्याचा माठ मात्र जरूर असावा.