रक्ताचा रिपोर्ट: घाई नको



मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान व्हायला लक्षणं दिसल्यापासून साधारण वर्ष जातं. तोवर कुणी मणक्याचं ऑपरेशन करून बसतो, कुणी बुवा-बाबा गाठतो. म्हणून 'एनएफएल' या रक्ततपासणीबद्दल एवढी आशा आहे. मज्जातंतू झिजले की त्यांच्या सांगाड्यातलं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात उतरतं. मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, पण आता मोजता येतं. या रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारावरच्या टोफर्सेन या औषधाला २०२३ साली अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली, ती हे प्रमाण घटल्याच्या आधारावर.

पण हे प्रथिन पक्षाघातात, एमएसमध्ये, अगदी वयानुसारही वाढतं. शिवाय भारतात 'मद्रास' प्रकार आणि तरुणांच्या एकाच हातातले स्नायू झिजवणारा प्रकार, असे संथ आजार आहेत. पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरलेले आकडे त्यांना सरसकट लावले, तर निरोगी किंवा सौम्य आजार असलेल्या माणसाच्या हाती मृत्यूची चिठ्ठी पडेल.

तेव्हा ही तपासणी न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानेच व्हावी, 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये नको. आणि आपल्या मंडळांनी देणगी द्यायचीच, तर ती भारतीय रुग्णांचे आकडे जमवणाऱ्या संशोधनाला द्यावी. मशीन नंतरही घेता येईल.

– यिशुन, सिंगापूर