खुर्ची मिळाली, पण शकुन कोण बघणार?

रोमचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच नावं येतात. एक सीझर, आणि दुसरा निरो आणि त्याचं ते फिडल. (फिडल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, पण ते सोडा.) मला विचाराल तर रोमच्या इतिहासातला सगळ्यात कामाचा काळ सीझरच्या कितीतरी आधीचा आहे, साधारण इ.स.पू. ५०० ते ३००. राजाला हाकलून दिलंय, प्रजासत्ताक आलंय, आणि खालचे लोक वरच्यांशी पिढ्यानपिढ्या भांडतायत. पोस्ट लांब आहे. पण या भांडणाचा आपल्याशी संबंध आहे आणि तो मी जोडलेला नाही, एका फार मोठ्या माणसाने जोडलेला आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी चित्र समजून घ्या. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटचा राजा टार्क्विन गेला. त्याच्या जागी दोन कॉन्सल आले. मुदत फक्त एक वर्ष, आणि एक दुसऱ्याला अडवू शकतो. कागदावर झकास. पण कॉन्सल व्हायचं कुणी? तर पॅट्रिशियन म्हणवणाऱ्या मोजक्या घराण्यांनी. बाकी सगळे प्लेबियन. त्यांनी कर भरायचा, लढाईला जायचं आणि मत द्यायचं.

हो, मत होतं. आणि इथेच खरी गंमत आहे. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणसं मोजत नसत, गट मोजत. एकूण १९३ गट. त्यातले १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या वर्गाच्या श्रीमंतांचे. बेरीज करा, ९८. म्हणजे बहुमत तिथेच संपलं. मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबायचं. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा हजारोंना मिळून एक गट, तोही सगळ्यात शेवटी. सकाळपासून उन्हात उभं राहायचं आणि नंबर यायच्या आधीच निकाल! तरी म्हणायला सगळ्यांना मत आहेच.

या लोकांचं पहिलं मोठं भांडण मतासाठी नव्हतं, कर्जासाठी होतं. लिव्ही या इतिहासकाराने एका म्हाताऱ्या सैनिकाची गोष्ट दिली आहे. तो फाटक्या अवस्थेत भर चौकात आला. छातीवर लढाईच्या जखमा, पाठीवर सावकाराच्या फटक्यांचे वळ. तो लढाईवर असताना शत्रूने शेत जाळलं, वर कर लागला, करासाठी कर्ज काढलं, आणि शेवटी स्वतःच सावकाराच्या ताब्यात गेला. लिव्हीने हे चार-पाचशे वर्षांनंतर लिहिलंय, त्यामुळे गोष्टीतला मीठमसाला त्याच्या पदरचा धरा. पण कर्जापायी माणूस बांधून घ्यायची पद्धत खरी होती, आणि ती बंद व्हायला इ.स.पू. ३२६ उजाडलं.

इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियनांनी दगड उचलला नाही. ते उठून शहराबाहेर निघून गेले, तीन मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले. बसा आता, लढा तुमचे तुम्ही. वरच्यांना घाम फुटला. त्यातून ट्रिब्यून हे पद आलं. ट्रिब्यून म्हणजे आपला माणूस. तो कॉन्सलच्या हुकुमाला मध्ये उभा राहून मनाई करू शकतो आणि त्याच्या अंगाला हात लावणाऱ्याला ठार करण्याची शपथ सगळ्यांनी घेतलेली. आज जगभर वापरला जाणारा ‘व्हेटो’ हा लॅटिन शब्द त्याच अधिकाराला चिकटलेला आहे. अर्थ साधा, मी मनाई करतो.

मग लेखी कायद्याची मागणी झाली आणि इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्या आल्या. कायदा लेखी आला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण शेवटच्या दोन पाट्यांमध्ये काय घातलं होतं? पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्न करायला बंदी. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने ही बंदी उठवायला लावली, तेव्हा विरोधकांचे दोन मुद्दे होते. रक्ताची भेसळ होईल. आणि देवांचे शकुन बिघडतील. वाचताना मला क्षणभर रोमचं पुस्तक हातात आहे हेच विसरायला झालं.

आता तो शकुन शब्द धरून ठेवा.

रोममध्ये कुठलंही मोठं सरकारी काम आकाशातल्या खुणा बघितल्याशिवाय होत नसे. निवडणूक, सभा, लढाई, सगळं. खुणांचा अर्थ सांगायचं काम ऑगर नावाच्या मंडळाचं, आणि त्यात फक्त पॅट्रिशियन. इ.स.पू. ३६७ मध्ये, लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूनांनी दहा वर्षं रेटल्यावर, एका कॉन्सलचं पद प्लेबियनांना खुलं झालं. वरच्यांनी लगेच न्यायदानाचं काम काढून प्रीटर हे नवं पद केलं आणि ते स्वतःकडे ठेवलं. पुढे इ.स.पू. ३२७ मध्ये मार्सेलस नावाचा एक प्लेबियन डिक्टेटर नेमला गेला. ऑगर म्हणाले, नेमणुकीच्या विधीत दोष आहे. झालं, गेलं पद. ट्रिब्यूनांनी अगदी रास्त सवाल केला. कॉन्सलने मध्यरात्री, छावणीत, शांततेत नेमणूक केली. तुम्ही इथे रोममध्ये बसून त्यात दोष झाल्याचं तुम्हाला कळलं कसं? त्यांच्या मते दोष एकच होता, माणूस प्लेबियन होता.

आता तो मोठा माणूस. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न होऊ शकलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं, ते ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात रोमच्या याच प्लेबियनांचं उदाहरण आहे. हे लोक स्वतःचा कॉन्सल निवडू शकत होते, तरी खंबीर माणूस त्यांना का मिळाला नाही? कारण त्याला देवतेची मान्यता लागायची आणि मान्यता सांगणारे पुजारी पॅट्रिशियन होते. बाबासाहेबांनी तिथे डेल्फीच्या देवतेचं नाव घेतलंय. डेल्फी ग्रीसमधलं, आणि रोममध्ये हे काम मुख्यतः ऑगर करत. पण मुद्दा जिथे लागायचा तिथे बरोबर लागलाय. लोकांच्या मनावर ज्याची सत्ता आहे, त्याच्याकडून खुर्ची काढून घेतली तरी सत्ता त्याच्याकडेच राहते. हे लेखन आपण सगळे मिरवतो. रोमच्या पानांवर थांबणारे मला फार कमी भेटले.

गावागावात आज सरपंचपद राखीव होतं, हे चांगलंच आहे आणि हवंच. पण खुर्चीवर कोण बसलंय याचीच बातमी होते. देवळाच्या ट्रस्टमध्ये कोण, पाणी सोडण्याची वेळ कोण ठरवतं, दप्तर कुणाच्या कपाटात, हे कोणी विचारत नाही. प्लेबियनांनी ते विचारलं, म्हणून मला ते आवडतात.

कोर्टात दावा कुठल्या दिवशी चालतो आणि कुठल्या शब्दांत मांडायचा, हे रोममध्ये धर्माधिकाऱ्यांना माहीत. बारा पाट्या चौकात असून उपयोग काय? इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लेवियस नावाच्या कारकुनाने, ज्याचा बाप गुलामीतून सुटलेला होता, कोर्टाच्या दिवसांचं कॅलेंडर चुना लावलेल्या फळ्यावर भर चौकात लावून टाकलं आणि दाव्यांचे शब्दही उघड केले. त्याच वर्षी तो अधिकारी म्हणून निवडूनही आला होता. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला तर तिथली बड्या घरची पोरं उठून उभी राहिनात. यानं आपली अधिकाराची खुर्ची तिथेच मागवली आणि तिच्यात बसून त्यांच्याकडे बघत राहिला! माझ्या लेखी हा माणूस सीझरपेक्षा मोठा.

चार वर्षांनी, इ.स.पू. ३०० मध्ये, ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने धर्माधिकाऱ्यांच्या मंडळात चार आणि ऑगरांच्या मंडळात पाच प्लेबियन बसले. पुढे कोरुंकॅनियस हा पहिला प्लेबियन मुख्य धर्माधिकारी झाला, आणि कायद्याचा सल्ला सर्वांसमोर देणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव सांगतात.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. वर चढलेली प्लेबियन घराणी स्वतःच नवे बडे लोक झाली, हा आक्षेप मला मान्य आहे. जुनी सवयही सुटली नाही. इ.स.पू. २१५ मध्ये हॅनिबल इटलीत घुसलेला असताना दुसऱ्या एका मार्सेलसला, रोमच्या उत्तम सेनापतींपैकी एकाला, लोकांनी कॉन्सल निवडलं. पद घेताना ढग गडगडले. दुसरा कॉन्सलही प्लेबियन होता, तेव्हा दोन्ही जागा प्लेबियनांकडे गेलेल्या देवांना रुचल्या नाहीत, असं सीनेटवाल्यांनी पसरवलं. मार्सेलस पायउतार झाला आणि जागा पॅट्रिशियन फेबियसला मिळाली, जो स्वतः ऑगर होता. पुढच्याच वर्षी तोच मार्सेलस कॉन्सल झाला, सोबतीला तोच फेबियस. तेव्हा शकुनाचा प्रश्न निघाला नाही.