नामंजुरीचा शिक्का आणि अपिलाचा हक्क

'नामंजूर.' कागदावर एवढा एकच शब्द. खाली ना कारण, ना कुणाची वाचता येईल अशी सही. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या वस्तीतल्या एका विधवा आजीच्या अर्जावर आम्ही हा शब्द पाहिला. विचारायला गेलो तर बाबू म्हणाला, "कमिटीने काढलंय, पुढच्या मीटिंगला परत टाका." परत टाका म्हणजे पुन्हा तलाठी, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतू, आणि शेवटी तीच कमिटी. ज्याने नाही म्हटलं त्याच्याच दारात पुन्हा हात जोडायचे. याला अपील म्हणत नाहीत, आर्जव म्हणतात.

एखादी योजना हक्काची आहे की मेहेरबानीची, हे ओळखायची आमची कसोटी सोपी आहे. अर्ज नाकारला तर नाकारणाऱ्यापेक्षा वेगळ्या, त्याच्या हाताखाली नसलेल्या माणसाकडे जाता येतं का? येत नसेल, तर ती योजना दिवाळीच्या साडीवाटपासारखीच समजा.

ही मागणी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1930 साली गोलमेज परिषदेला गेलेल्या बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना अल्पसंख्याक समितीपुढे ठेवली, ती काढून वाचा. प्रतिनिधित्वाचं कलम सगळ्यांना माहीत असतं. सहाव्या कलमाकडे फारसं कुणी वळत नाही. शिक्षण, आरोग्य, नोकरभरती यांत अस्पृश्यांसाठी पुरेशी तरतूद करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवा, आणि प्रांतातल्या सत्तेने ते मोडलं तर तिच्या निर्णयावर थेट गव्हर्नर जनरलकडे अपील करता आलं पाहिजे, अशी ती मागणी होती. केंद्राने मोडलं तर भारतमंत्र्याकडे. गावगाड्यातून आलेला अधिकारी आपल्या माणसाच्या अर्जाकडे कोणत्या नजरेने बघतो, हे बाबासाहेबांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हक्काबरोबर अपीलही मागितलं, आणि तेही वरच्या, वेगळ्या ठिकाणी.

आता दक्षिण आफ्रिकेकडे बघू. आपल्यासारखीच जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी राजवट तिथे होती. 1928 साली तिथे वृद्धांना पेन्शन सुरू झाली तेव्हा कृष्णवर्णीय आफ्रिकी त्यातून वगळलेले होते. 1944 साली त्यांना आत घेतलं, पण कमी रकमेवर. गोऱ्या म्हाताऱ्याइतकी पेन्शन काळ्या म्हाताऱ्याला मिळायला 1993 उजाडावं लागलं. हा अनुभव गाठीशी असलेल्या लोकांनी 1996 च्या राज्यघटनेत सामाजिक सुरक्षा मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घातली, कलम 27 मध्ये. शेजारीच कलम 33 आहे. प्रशासनाची कृती न्याय्य हवी आणि हक्काला बाधा आली तर लेखी कारणं मिळाली पाहिजेत, असं ते सांगतं.

त्या घटनेखाली 2004 चा सामाजिक साहाय्य कायदा आला. अनुदान देणारी संस्था 'सासा'. तिने अर्ज फेटाळला तर अर्जदाराला 90 दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अपंगत्वाचं प्रकरण असेल तर तिथे कायदा जाणणाऱ्या सदस्यासोबत डॉक्टर बसतो, आणि नागरी समाजातला एक सदस्यही. फी नाही, वकील सक्तीचा नाही. पूर्वी मधे आणखी एक पायरी होती: आधी सासाकडेच फेरविचार मागायचा. म्हणजे आपल्या बाबूचं 'परत टाका'च. 2020 च्या दुरुस्ती कायद्याने ती पायरी काढून टाकली.

तिकडे सगळं आलबेल आहे, असं मात्र कुणी समजू नये. कोविडमध्ये, मे 2020 पासून, बेरोजगारांसाठी महिन्याला 350 रँडचं अनुदान सुरू झालं. पुढे ते 370 झालं. अर्ज फक्त ऑनलाइन. पात्रता संगणक ठरवणार, बँक खात्यात आलेली रक्कम बघून. महिन्याला 624 रँडपेक्षा जास्त जमा दिसली की अर्ज बाद. बहिणीने भाड्यासाठी पाठवलेले पैसेसुद्धा 'उत्पन्न'! निर्णय दर महिन्याचा, म्हणून अपीलही दर महिन्याचं वेगळं. आणि खरी मेख अशी की अपिलात नवा पुरावा देता येत नव्हता. न्यायाधिकरण पुन्हा तोच डेटाबेस उघडून बघणार. नाव स्वतंत्र, डोळे मात्र सासाचेच.

मग लोक लढले. 'पे द ग्रँट्स' ही अनुदानधारकांची चळवळ आणि 'इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक जस्टिस' यांनी कोर्ट गाठलं. जानेवारी 2025 मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने केवळ ऑनलाइन अर्जाची सक्ती, उत्पन्नाची ती सैल व्याख्या आणि अपिलात नवा पुरावा नाकारणं, हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. सरकार लगेच त्या निकालाविरुद्ध अपिलाच्या वाटेला लागलं, ही गंमत बघा. सरकारला अपिलाची किंमत बरोबर कळते.

आमच्या राज्यात काय आहे? निराधार योजना 1980 पासूनची. रक्कम आता दीड हजार, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000. म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने खरं उत्पन्न सांगितलं तर ती बाद, म्हणून दाखला 'मॅनेज' करावा लागतो, आणि तो करून देणारा दलाल तहसीलबाहेरच बसलेला असतो. मंजुरी तालुका समितीची. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांचा कार्यकर्ता, आणि सदस्य सचिव तहसीलदार. कोणत्या वस्तीने कुणाला मत दिलं हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच कोण निराधार हे ठरवणार! या समितीच्या निर्णयावर स्वतंत्र न्यायाधिकरण नाही.

काही विद्वान म्हणतात, उच्च न्यायालय आहे की, रिट करा. दीड हजारासाठी मुंबई, नागपूर नाहीतर औरंगाबादच्या खंडपीठाची वारी? वकिलाची फी कुठून आणायची? दुसरे म्हणतात, राज्याकडे पैसा नाही. आमच्या घटनेचं कलम 41 म्हातारपणी, आजारपणात, अपंगत्वात सरकारी साहाय्याचं बोलतं, ते आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, हे खरं. पण पैशाची अट आफ्रिकेच्या कलम 27 लाही आहे. फरक एवढाच, की आमचं कलम 41 मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि कलम 37 मुळे ते घेऊन कोर्टात जाता येत नाही. शिवाय अपील ऐकायला लागतो तो पैसा किती? नाकारण्याची यंत्रणा तालुक्या-तालुक्यात उभी करायला सरकारकडे पैसा होताच ना?

आणि थोडं आपल्याही पोरांना. जयंतीच्या डीजेसाठी एका रात्रीत वर्गणी जमते. त्याच वस्तीतले किती अर्ज बाद झाले आणि का, याची यादी आमच्यापैकी कुणाकडे आहे? आमच्याकडेही नव्हती. आजीचा कागद हातात आल्यावर ती करायला घेतली.

न्यायाधिकरणाची मागणी आम्ही लावून धरणारच. पण तोवर थांबायचं कारण नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्येच लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सार्वजनिक प्राधिकरणाने द्यायची आहेत. तेव्हा अर्ज नामंजूर झाला की दोन गोष्टी लेखी मागा: निर्णयाची कारणं आणि समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर तिथेच प्रथम अपील. अर्ज आजीच्याच नावाने करा, आपल्या संघटनेच्या लेटरहेडवर नको. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आजीचा अर्ज आम्ही सोमवारी देतोय. आपापल्या तालुक्यातले असे कागद गोळा करून ठेवा. सगळे एकत्र घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं आहे.

जय भीम.