खुदाई फौजदार

एखाद्याला वेड्यात काढायला आपल्याला दोन शब्द पुरतात. स्पेनच्या सर्व्हांतिसला मात्र दोन जाडजूड भाग लागले! 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग १६०५ साली निघाला, दुसरा १६१५ साली. शूर सरदारांच्या कहाण्या वाचून वाचून एका खेडवळ गृहस्थाचे डोके फिरते. मरतुकड्या घोड्यावर बसून तो दुर्बळांच्या रक्षणाला निघतो आणि पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर तुटून पडतो. न्हाव्याचे पितळी भांडे त्याला सोन्याचे शिरस्त्राण वाटते!

हे महाशय आपल्या बाजूलाही येऊन गेले आहेत, बरे का! लखनौचे पंडित रतननाथ सरशार यांनी त्यांना उर्दू पोशाख चढवून 'खुदाई फौजदार' लिहिले. सरशार अखेरच्या वर्षांत हैदराबादेत होते, तिथेच वारले. नांदेड-लातूर तेव्हा त्याच निजामी राज्यात. कचेरीची भाषा उर्दू. आमच्याकडच्या एखाद्या आजोबांची या वीराशी पहिली भेट उर्दूतूनच झाली असेल, तर नवल नाही.

नावही किती नेमके! कुणी नेमलेले नसताना जो साऱ्या जगाचा बंदोबस्त अंगावर घेतो, तो खुदाई फौजदार. असे एक काका घरोघरी असतातच.

पण हसता हसता जरा थांबावे. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. त्यापायी पुष्कळांची नावे कमी झाली; नागपूरने त्यांना आसरा दिला. 'एका गाण्यासाठी पदवी घालवायची?' असे शहाण्यासुरत्या वडीलधाऱ्यांना वाटलेच असेल. पुढे दहा वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाची राजवट संपली. म्हणजे या पोरांचा राक्षस खराच होता!

फरक आहे तो इथे. क्विक्झोटपाशी धैर्य होते, नजर नव्हती. आपल्यापाशी बहुधा नजर असते, धैर्य नसते. आणि म्हणूनच तो शेवटी शुद्धीवर येऊन अंथरुणावर पडतो, तेव्हा त्याच्या वेडापायी मार खाल्लेला सांचोच रडत रडत त्याला पुन्हा बाहेर पडण्याची गळ घालतो. नुसते शहाणपण घरात उरले, की घर सुने वाटते.

तेव्हा या दिवाळीत घरातला कुणी चिरंजीव किंवा कन्यारत्न जगावेगळा बेत सांगू लागले, तर लगेच हसू नका. एवढेच विचारा, 'बाळ, समोर पवनचक्की आहे की राक्षस? नीट पाहिलेस ना?' पाहून 'राक्षस' असे उत्तर आले, तर भाला पुसून हाती द्या.